इंदूरमध्ये घरी येऊन कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन देणारे डॉक्टर : आमचा अनुभव

घरात म्हातारं, आजारी कुत्रं आहे आणि ‘आता पुढे काय’ हा विषय कुणी तोंडाने काढत नाही, अशा घरांसाठी मुद्दाम लिहितेय.

आमचा बंड्या, साधा गावठी, तांबूस पांढरा, लोकमान्य नगरच्या घरात १४ वर्षं राहिला. मूत्रपिंडं निकामी झाली होती. मूत्रपिंडं किती काम करतात हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून कळतं; निरोगी कुत्र्याचं ते साधारण दीडच्या आत असतं, याचं सातच्या वर गेलेलं. सलाईन लावलं की एखाद दिवस बरा, मग पुन्हा उलट्या, तोंडात फोड. सकाळी नगर निगमची कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली की हा फाटकाशी जाऊन तिच्या सुरात सूर लावायचा. आता मानही उचलेना. नेहमीच्या दवाखान्यात विचारलं, तर ‘सकाळी आणून सोडा, संध्याकाळी घेऊन जा’ म्हणाले. त्या पत्र्याच्या टेबलावर तो आयुष्यभर थरथरला, तिथे त्याला एकटं सोडायचं? मन तयार होईना.

मग ओळखीतून या डॉक्टरांचा नंबर मिळाला. त्यांनी लगेच होकार दिला नाही, हे मला सगळ्यात आवडलं. आधी रिपोर्ट मागवले, स्वतः येऊन तपासलं. खातो का, स्वतःहून उठतो का, जवळ गेलं की शेपूट हलवतो का, आठवड्यात बरे दिवस जास्त की वाईट, हे शांतपणे विचारलं. फी फोनवरच सांगितली आणि आधीच घेतली, म्हणजे नंतर त्या अवस्थेत कुणी पैसे मोजत बसायला नको. संमतीच्या कागदावर आमच्या यांनी सही केली.

त्या दिवशी सुरुवात करण्याआधी त्यांनी आम्हाला सगळं समजावलं. पहिलं इंजेक्शन गुंगीचं. तो गाढ झोपला की पुढच्या पायाचे केस काढून शिरेत सुई, आणि भुलीच्या औषधाचा मोठा डोस. मिनिटा-दोन मिनिटांत हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतील, एखादा आचका येईल, लघवी होईल. त्याला त्यातलं काही जाणवत नसतं. हे आधी कळलं होतं म्हणून तो आचका आला तेव्हा सासूबाई घाबरल्या नाहीत. “माताजी, आप इसके सिर के पास बैठिए, कोई जल्दी नहीं है,” म्हणून डॉक्टरांनी त्यांना बंड्याच्या उशाशी बसवलं होतं. पुण्याहून मुलीचा व्हिडिओ कॉल लागत नव्हता, तो लागेपर्यंत डॉक्टर ओट्यावर थांबून राहिले. सासूबाईंनी तुपात बुडवलेला पोळीचा तुकडा पुढे धरला. खाल्ला नाही त्याने, पण तूप चाटलं. आम्हाला तेवढंही खूप होतं.

नंतर स्टेथोस्कोप बराच वेळ छातीला लावून खात्री केली, तेव्हाच ‘गेला’ म्हणाले. आणि निघाले नाहीत, चादरीत गुंडाळायलाही हात लावला.

दोन गोष्टी मात्र सुधारायला हव्यात. सूचनांचा कागद फक्त इंग्रजीत आहे. घरातली म्हातारी माणसंच अशा जनावराला दिवसभर सांभाळतात, त्यांना तो वाचता यायला हवा. हिंदीत तरी छापा. दुसरं, अंत्यसंस्काराची सोय ते करत नाहीत. आम्हाला दिरांचं महूकडचं शेत होतं. खड्डा छातीइतका खोल घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं, कारण औषध शरीरात राहतं आणि दुसऱ्या जनावराने उकरून खाल्लं तर त्यालाही बाधतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी जागेची चौकशी आधीच करून ठेवा. त्या दिवशी फोन फिरवायचं त्राण कुणात नसतं.

वेळ सकाळची मागा. संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यात गर्दी असते, आणि त्यांना घाई झालेली तुम्हाला चालणार नाही.