लाल दिव्याचं यंत्र घ्यावं की फिजिओकडे जावं?

शिंकताना, खोकताना किंवा पर्वतीच्या पायऱ्या उतरताना लघवी निसटते, तेव्हा ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंसाठी आता काहीतरी करायचंच, असं ठरवलेल्यांसाठी हे लिहितेय. माझ्यासमोर दोन पर्याय होते. एक, लाल प्रकाश, ऊब आणि कंपन देणारं, योनीत ठेवून वापरायचं घरगुती यंत्र. दुसरा, पेल्व्हिक फ्लोअरचं, म्हणजे याच स्नायूंचं, काम करणारी फिजिओथेरपिस्ट. मी दोन्ही करून पाहिलं.

यंत्र म्हणजे निव्वळ थोतांड नाही, हे आधीच सांगते. लाल प्रकाश पेशींना चालना देतो, या कल्पनेची सुरुवात 1967 मध्ये बुडापेस्टला झाली. तिथले डॉक्टर एन्ड्रे मेस्टर यांना लेसर दिलेल्या उंदरांचे केस लवकर वाढताना दिसले होते. कर्करोगाच्या उपचारांत तोंड येऊ नये म्हणून हा प्रकाश आज रीतसर वापरतात. पण तो जातो काही मिलिमीटर आत, आणि स्नायू आवळायचं काम काही तो करत नाही. कंपनामुळे मात्र नेमका कोणता स्नायू, ते जाणवतं. मला ऊब बरी वाटली, कोरडेपणाही जरा कमी वाटला. आता तो प्रकाशामुळे की सोबतच्या जेलमुळे, देव जाणे.

माझं घोडं अडलं ते धुण्यावाळवण्यापाशी. यंत्र बहिणीने अमेरिकेहून आणलेलं. वापरून झालं की साबणाने धुवा, पूर्ण कोरडं होऊ द्या, मगच पिशवीत ठेवा. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या, बाथरूम एक, घरात सासूबाई आणि कॉलेजला जाणारी मुलगी. वाळत घालू कुठे? चार्जिंगचा मोकळा प्लग फक्त बाहेरच्या खोलीत. सासूबाईंनी विचारलंच, "हे काय गं?" म्हटलं, "मानेला लावायचं आहे, आई." दुपारी एक ते चार घर शांत असतं, पण त्याच शांततेत यंत्राची घरघर दाराबाहेर ऐकू जाते. स्वतंत्र खोली आणि स्वतःचं बाथरूम असेल, तर ही तक्रार तुमच्यासाठी नाही.

फिजिओकडेही सगळं सुखाचं नाही. फी आहे, पहिल्या तपासणीचा संकोच आहे, आणि फरक पडायला वेळ लागतो. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम किमान तीन महिने, दिवसातून तीनदा, दर वेळी निदान आठ आकुंचनं, असा सांगितलाय. व्यायाम जुनाच, डॉ. अर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये मांडलेला. पण तुमचे स्नायू सैल पडलेत की आखडलेत, हे फिजिओ बोटांनी तपासून सांगते. आखडलेले स्नायू आणखी आवळले तर दुखणं वाढतं, आणि माझ्या यंत्राला यातलं काही कळत नव्हतं. शिवाय हा व्यायाम पोळ्या लाटताना होतो, कर्वे रोडच्या सिग्नलला होतो, आणि धुवायचं काही उरत नाही. शिंक आली की पाय आवळून उभं राहणं माझं तरी थांबलं ते याच काळात.

प्रत्येकीचं शरीर वेगळं, त्यामुळे हाच मार्ग बरोबर असं मी म्हणणार नाही. यंत्र घ्यायचंच असेल तर गरोदरपणात किंवा संसर्ग असताना वापरू नका. पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा एवढीच तक्रार असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना इस्ट्रोजेन क्रीमबद्दल विचारा. आणि कुणी योनीच्या 'कायाकल्पा'साठी लेसरचं पॅकेज गळ्यात मारायला लागलं, तर अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने जुलै 2018 मध्ये अशा उपचारांबद्दल इशारा दिलाय, एवढं लक्षात असू द्या.

फिजिओ शोधताना फोनवरच विचारा, "पेल्व्हिक फ्लोअर तपासता का?" "हो हो, कंबर, गुडघे सगळंच बघतो," असं उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा.