ट्रॅकचे टायर साताऱ्यात: 9 महिन्यांनंतर

पुढचा डावा टायर आज सकाळी वर्कशॉपच्या टेबलावर आडवा टाकून डेप्थ व्हर्नियरने मोजला. मधल्या खाचेत 2.6 मिमी, आतल्या कडेला 2.1, बाहेरच्या खांद्याला 1.9. डिसेंबर 2024 मध्ये बसवला तेव्हा सगळीकडे 6.2 होता. मधे 8,600 किलोमीटर झाले. एवढ्या अंतरात साधा टायर दीड मिलिमीटरही झिजत नाही.

गाडी पोलो जीटी, 15 इंची चाकं. मूळ माप 185/60, मी 195/55 घातले. व्यास साडेसात मिलिमीटरनं कमी होतो, स्पीडोमीटर जरा जास्त आकडा दाखवतो, बाकी अडत काही नाही. टायर परदेशी, सेमी-स्लिक. रस्त्यावर चालवता यावेत म्हणून नावापुरत्या खाचा ठेवलेले. चारांचे 62,000 रुपये मोजले. घरी आकडा 40 सांगितलाय, त्यामुळे हे घरात कुणी वाचणार नाही अशी आशा आहे. ब्रँडचं नाव लिहीत नाही. या जातीचे टायर थोड्याफार फरकानं असेच वागतात.

बाजूवर ट्रेडवेअर, म्हणजे टिकाऊपणाचा आकडा, 100 असा कोरलेला आहे. या आकड्याची कसोटी अमेरिकेत टेक्सासमध्ये घेतात: 7,200 मैल गाड्या पळवायच्या आणि झीज एका ठरावीक टायरशी ताडून बघायची. त्या ठरावीक टायरला 100 गुण. आपल्याकडच्या साध्या कारच्या टायरवर 300-400 सहज दिसतो. म्हणजे किती लवकर संपणार हे टायरनं आधीच अंगावर लिहून ठेवलं होतं. वाचूनही घेतले.

घेतले कशासाठी, तर वर्षातून दोनदा कोइंबतूरच्या कारी या रेसिंग ट्रॅकवर जाते. 2.1 किलोमीटरची लहानशी वाट, पण चुका लपू देत नाही. सातारा एमआयडीसीत माझं टर्निंगचं काम आहे. वर्षभर मशीनच्या फेऱ्या मोजायच्या आणि दोन दिवस स्वतःच्या, एवढीच काय ती चैन. ट्रेलर नाही, त्यामुळे जायचं त्याच टायरवर, फिरायचं त्याच टायरवर आणि अकराशे किलोमीटर परत यायचं तेही त्याच टायरवर.

ट्रॅकवरचं थोडक्यात सांगते, कारण तिथं तक्रार नाही. पहिली फेरी बेताची, दुसरीपासून रबर तापतं आणि मग गाडी जिथं बघाल तिथं जाते. माझ्या आधीच्या वेळेपेक्षा दोन सेकंदांहून जास्त सुटले, आणि माझं चालवणं तर तेच होतं. सहाव्या-सातव्या फेरीनंतर टायर लोण्यासारखा सरकायला लागतो, तेव्हा बाहेर यायचं, गार करायचं. हवा तापून वाढते म्हणून तिथं थोडी सोडावी लागते. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आता सातारा.

डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेसहाला शेडमधून गाडी काढली की पहिले पाच-सहा किलोमीटर टायर लाकडाचे वाटतात. हे रबर तापल्यावर चिकटतं, 12 अंशात ते झोपलेलं असतं. पोवई नाक्याच्या उतारावर एकदा ब्रेक दाबला आणि एबीएसची कुरकुर ऐकू आली, तीही कोरड्या रस्त्यावर. दुपारी मात्र तोच टायर वाटेतलं जे मिळेल ते उचलून घेतो. उसाच्या हंगामात कोरेगाव रस्त्यावर ट्रॉल्यांमधून पडलेली पाचटं, माती, बारीक खडी सगळं टायरला चिकटून मडगार्डच्या आत आदळतं. ताशा वाजतो नुसता. मऊ रबरात रुतलेली खडी स्क्रू ड्रायव्हरनं काढत बसायचा माझा रविवारचा कार्यक्रमच होऊन बसला होता.

आवाजाबद्दल सासूबाईंचं मत पुरेसं आहे. वाईला निघालो होतो, आनेवाडीचा टोल यायच्या आधीच त्या म्हणाल्या, “गाडीत गिरणी बसवलीस का गं?” त्यानंतर त्या एसटीनं जातात.

मायलेज महामार्गावर साडेसोळाचं चौदाच्या आसपास आलं. इथूनच नियमाची गोष्ट सुरू होते, कारण हा आकडा आणि तो नियम एकाच नाडीवर बोट ठेवतात.

आपल्याकडे एआयएस-142 नावाचं मानक आहे. ऑक्टोबर 2022 पासून नव्या डिझाइनच्या आणि एप्रिल 2023 पासून आधीपासून बाजारात असलेल्या टायरना ते लागू झालं. कार, हलकी व्यापारी वाहनं, ट्रक-बस, सगळे त्यात आले. तपासायच्या गोष्टी तीन: लोळताना किती ओढ लागते, ओल्या रस्त्यावर पकड किती आणि आवाज किती. आकडे युरोपच्या आर-117 नियमाच्या दुसऱ्या टप्प्याचे. कारच्या टायरला ओढ दर टनामागं साडेदहा किलोच्या आत हवी. माझ्या रुंदीच्या टायरला आवाज 71 डेसिबलच्या आत. ओल्या पकडीत ठरावीक प्रमाण टायरपेक्षा निदान एक दशांश सरस हवा.

हौशी मंडळींत या नियमाला शिव्याच जास्त ऐकल्या. मीही दिल्यात. गाडी वर्षाला जेमतेम दहा-बारा हजार चालणार, तिच्या टायरच्या ओढीनं देशाचं किती पेट्रोल जळणार? पण पकड आणि ओढ या दोन्ही एकाच रबराच्या दोन बाजू आहेत. रबर दबून परत उसळताना जी ताकद गिळतं तिची उष्णता होते. जास्त गिळणारं रबर रस्त्याला चिकटतं, आणि तेच इंजिनलाही मागं ओढतं. सिलिका घालून कंपन्या यातून बरीच वाट काढतात, तरी ट्रॅकसाठी बनवलेला टायर या मर्यादेच्या काठावरच लोंबकळणार. मूळ युरोपीय नियमातून स्पर्धेसाठीच बनवलेले टायर वगळलेले आहेत. म्हणजे एक तर परीक्षेला बसा, नाहीतर “मी रस्त्याचा नाही” असं मान्य करा.

माझा टायर काय मान्य करतो ते मला पंक्चरवाल्या मामांनी दाखवलं. मार्चमध्ये खिळा गेला. मामांनी टायर पाण्यात बुडवला, बुडबुडे शोधता शोधता बाजूवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “ताई, ह्येच्यावर आयएसआयचा शिक्का कुठंय वो?” नव्हता. कारच्या टायरवर तो सक्तीचा आहे, त्याचा आदेश 2009 सालचा. आर-117 पास झालेल्या टायरवर ई असलेल्या गोलाजवळ एस, डब्ल्यू, आर अशी अक्षरं असतात, आवाज, ओली पकड आणि ओढ यांची. तीही नव्हती. होता तो चार आकडी उत्पादनाचा शिक्का: 3821. म्हणजे 2021 सालचा 38 वा आठवडा. मला “ताजा माल” म्हणून दिलेला टायर बसवताना सव्वातीन वर्षांचा होता. मऊ रबर गोदामात पडूनसुद्धा कडक होतं. डिसेंबरातल्या त्या लाकूडपणात हवेचा वाटा किती आणि वयाचा किती, कुणास ठाऊक.

विकणाऱ्याला फोन केला. जून 2020 पासून टायरची आयात परवान्याशिवाय होत नाही, मग हा कुठल्या वाटेनं आला, एवढंच विचारलं. उत्तर गोल आलं. बिल देतो म्हणाला, ते आजही देतोच आहे. विमा कंपनीला ईमेल लिहून विचारलं की या टायरवर अपघात झाला तर दावा ग्राह्य धराल का. दोनदा आठवण केली, लेखी उत्तर नाही. फोनवर मात्र एकानं काळजीनं सांगितलं, “मॅडम, असं लिहून विचारू नका.”

तरीही मी टायर काढले नाहीत. 62,000 रुपये पायात पाय घालतात.

जूनच्या शेवटी कारीहून परत येत होते. बेळगावपासून पाऊस होता. ट्रॅकवर तापलेल्या टायरमधून सोडलेली हवा परत भरायची राहून गेली होती. रबर थंड झाल्यावर दाब 26 वर आला होता, एरवी मी 32 ठेवते. पुढच्या खाचा तेव्हा साडेतीन मिलिमीटर असाव्यात. कराड, उंब्रज मागं पडलं. घर अर्ध्या तासावर, डोळ्यांपुढं चहा. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाचं काम चाललेलं, त्यात अतीतच्या अलीकडं वळवलेल्या पट्ट्यात पाणी साचलं होतं. काटा 80 च्या थोडा पुढं. आवाज एकदम थांबला. 7 महिने कानात बसलेली ती गिरणी बंद, इंजिनचे आकडे वर, आणि हातात स्टिअरिंग असं हलकं की कुणीतरी खालची दांडी काढून घेतल्यासारखं. मी काही केलं नाही, करण्यासारखं काही नव्हतंच. दोन-एक सेकंदांनी पाणी संपलं, टायर टेकले, गाडीनं डावीकडं एक झटका दिला आणि सरळ झाली. मागच्या ट्रकवाल्यानं लांबलचक हॉर्न दिला. नागठाण्यात थांबून चहा घेतला, त्यात साखर आहे की नाही हे कळलं नाही.

घरी येऊन हिशोब मांडला. पाण्यावर टायर कधी तरंगेल याचं एक जुनं सूत्र आहे, नासानं विमानांच्या टायरवर केलेल्या प्रयोगांतलं. हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढायचं, एका ठरलेल्या आकड्यानं गुणायचं, की तो वेग येतो. 32 ला सुमारे 94 किलोमीटर येतात, 26 ला 85. कारला ते तंतोतंत लागू नाही, पण माझा काटा कुठं होता ते वर लिहिलंय. दाब कमी, खाचा उथळ, टायर मूळ मापापेक्षा रुंद. तिन्ही गोष्टी मी स्वतःच्या हातानं केल्या होत्या.

गंमत पुढं आहे. जुलैभर दाब 33 ठेवून तोच टायर वापरला. यवतेश्वरच्या घाटात झिमझिम पावसात, रस्ता नुसता ओला असताना, त्यानं इतकी सुरेख पकड दिली की मला माझ्याच भीतीची शंका यायला लागली. म्हणून ऑगस्टमध्ये ओळखीच्या एका गोदामाच्या काँक्रीटच्या अंगणात पाणी सोडून बघितलं. 40 च्या वेगानं ब्रेक, टेपनं मोजणी, प्रत्येकी पाच वेळा. झिजलेला सेमी-स्लिक सरासरी 8.6 मीटरमध्ये थांबला, माझा जुना साधा सेट 8.4 मध्ये. मोजमाप घरगुती आहे, पण फरक एका वितीचा.

मग नियमातली ओल्या पकडीची कसोटी नीट वाचली. रस्त्यावर पाण्याचा थर अर्धा ते दीड मिलिमीटर. गाडी 80 वरून 20 वर येईपर्यंतचं अंतर मोजायचं. म्हणजे माझ्या गोदामाचं अंगणच की! अतीतला घोट्याएवढं पाणी होतं. थोडक्यात, मला जवळजवळ दुभाजकावर नेणारी गोष्ट या कसोटीत विचारलेलीच नाही. युरोपनं जुलै 2024 पासून एक चांगली भर घातली: नव्या प्रकारच्या कारच्या टायरला, खाचा घासून साधारण 2 मिलिमीटरवर आणून, झिजलेल्या अवस्थेतही ओल्या पकडीची परीक्षा. उथळ खाचा घेऊनच जन्मलेल्या ट्रॅकच्या टायरचं खरं वय तिथं कळू शकतं. पण तिथंही पाणी तेवढंच, पातळ. चिकट रबर ती परीक्षा बरी देऊन जाईल असा माझा अंदाज आहे.

त्यामुळे माझं मत आता असं झालंय की माझा टायर साताऱ्याच्या रस्त्यावर नसावा हे नियमाचं म्हणणं बरोबर, पण तो अडकणार बहुधा ओढीच्या आणि आवाजाच्या आकड्यात, डबक्यात नव्हे. डबक्याचा विषय आपला आपणच बघायचा. खाचा 1.6 मिलिमीटरपर्यंत चालतात असं कायदा म्हणतो. साध्या टायरला ते ठीक असेल, या जातीला मी पावसात 4 च्या खाली हात लावणार नाही. मोटारीत फारसा रस नसलेला माझा नवरा हे ऐकून म्हणाला, “म्हणजे नवीन असतानासुद्धा दोनच मिलिमीटर वापरायचे? 62 हजारांत?” आकडा त्याला कुठून कळला ते मी विचारलं नाही.

कुणी घ्यावेत? ज्याच्याकडे चाकांचा दुसरा सेट आहे आणि पंधरा मिनिटांत जॅक लावून बदलायची तयारी आहे, त्यानं. तेही शिक्के बघून. देशात रीतसर मिळणारे, 200 च्या वरच्या ट्रेडवेअरचे स्पोर्ट टायर आता बरे येतात. ट्रॅकवर सेकंदभर हळू असतील, पण परतीच्या वाटेवर नागठाण्याला थांबावं लागणार नाही. पुढच्या वेळी तेच घेणार आहे. दुकानात जाताना व्हर्नियर पिशवीत असेल, आणि पैसे द्यायच्या आधी उत्पादनाचा आठवडा बोट लावून वाचेन.

मागचे दोन अजून 4.4 वर आहेत. विकणाऱ्याला परत देऊ केले, तो हसला. पुढचा डावा परवा मामा घेऊन जाणार आहेत, नातवाला झोका करायला. शिक्का नसला तरी चालेल म्हणाले.