बोल्ट रायफल, ठासणीची बंदूक की झटका तार?

पाटण, जावळीच्या डोंगरात किंवा शिराळ्याच्या चांदोलीकडच्या बाजूला ज्यांचं शेत जंगलाला चिकटून आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. भात पोटरीत आलं की रानडुकरं, भुईमूग भरला की पुन्हा तीच, शाळूच्या कोवळ्या पोग्यावर सांबर आणि अधूनमधून आख्खा गव्यांचा कळप. मग घरातला तरणा पोरगा यूट्यूबवर अमेरिकेतल्या आखूड बोल्ट-अॅक्शन रायफली बघतो आणि विचारतो, असलं काही आपल्याला घेता येईल का? थोरले म्हणतात, ठासणीचा, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायच्या बंदुकीचा, परवाना काढू. शेजारी म्हणतो, कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारं झटका मशीन लाव. तिन्हींत पैसा जातो, म्हणून आधी हिशेब बघू.

रायफलीपासून सुरू करतो, कारण कुतूहल तिचंच जास्त आहे. बोल्ट-अॅक्शन म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट उचलून मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढे ढकलला की नवी गोळी आत बसते. भाग कमी, भरवसा जास्त. ‘कॉम्पॅक्ट’ म्हणजे नळी 22-24 इंचांऐवजी 16 ते 20 इंचांची आणि दस्ताही आखूड. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यातल्या दाट झाडीत हरीण बहुतेक वेळा शंभर मीटरच्या आतच दिसतं. झाडावरच्या मचाणात बसून लांब नळी फांद्यांत अडकवण्यापेक्षा आखूड बरी. नळी कापली की गोळीचा वेग थोडा घटतो, आवाज आणि जाळ वाढतो, पण एवढ्या अंतरावर वेगाची ती घट जाणवत नाही. म्हणून तिथे .243, 7एमएम-08 किंवा .308 काडतुसाची आखूड रायफल घेणारा शहाणाच म्हणायचा. त्या एका राज्यात दर हंगामात साधारण चार लाख पांढऱ्या शेपटीची हरणं परवान्यावर मारली जातात, आणि किती मारायची ते सरकार ठरवतं.

आपल्याकडे यातलं काहीच लागू नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. सांबर असो, भेकर असो, पीक खाताना सापडलं तरी मारता येत नाही. गवा तर त्या कायद्याच्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूची एकमध्ये आहे. त्याच्या शिकारीला किमान 3 आणि कमाल 7 वर्षांची कैद. पीक खाणाऱ्या रानडुकराबाबत वन खात्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण ती त्या प्रकरणापुरती, आणि आधी घ्यायची. डुक्कर पाडून मग अर्ज लिहिला तर तो कबुलीजबाब ठरतो.

हत्याराचा कायदा तर आणखी सरळ बोलतो. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक धरलेली आहे. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची, म्हणजे रायफलीसारखे आत आटे नसलेली, दुसरी बंदूक. रायफलीचं नाव त्या यादीत नाहीच. संरक्षणासाठी वा खेळासाठी म्हणून जी गुळगुळीत नळीची बंदूक सांगितली आहे, तिचीही नळी 20 इंचांपेक्षा कमी चालत नाही, म्हणजे व्हिडिओतला तो ‘कॉम्पॅक्ट’पणा तिथेच अडतो. आपल्या आयुध निर्माणीची .315 बोल्ट रायफल परवान्यावर मिळते, पण त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांना वेगळं सबळ कारण पटवावं लागतं, आणि ‘डुकरं येतात’ हे ते कारण नव्हे. कायदा बाजूला ठेवला तरी रायफलीची चुकलेली गोळी तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. आपल्या खोऱ्यांत तेवढ्या टप्प्यात दोन वाड्या, एक धनगरवाडा आणि गुरामागची माणसं असतात. रायफलीचा विषय माझ्यापुरता इथे संपला.

ठासणीच्या बंदुकीचं तसं नाही, तिला थोडी जागा आहे. दारू घालायची, गजाने ठासायची, केप (ठिणगी देणारी बारीक टोपी) चढवायची आणि बार काढायचा. हवेत काढलेल्या बाराने कळप पांगतो, हे खरं. पण एकदा बार गेला की अंधारात पुन्हा भरेपर्यंत डुकरं खालच्या वावरात पोचलेली असतात. पावसात केप आणि दारू ओली होते, आणि आपल्या भाताची नासधूस नेमकी ओल्या दिवसांत होते. त्यात जनावर आवाजाला सरावतं. फटाके आणि पाइपातले कार्बाइडचे बार ज्यांनी वापरलेत त्यांना हे ठाऊक आहे: पहिले काही दिवस पळतात, मग मान वर करतात आणि पुन्हा खायला लागतात.

कागदपत्रांचा भाग वेगळाच. सुरक्षिततेचं प्रशिक्षण, पोलीस चौकशी, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्या, दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आणि निवडणूक लागली की छाननी समिती सांगेल त्याने बंदूक पोलिसांत जमा करायची. 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली आणि मतदान 20 नोव्हेंबरला झालं. भात कापणीला आलेले तेच दिवस. राखण करायची ती बंदूकच ठाण्यात!

आता तार. सौर झटका मशीनबद्दल लोकांच्या मनात एक भीती आहे आणि एक खोटी आशा. भीती अशी की माणूस मरेल. चांगलं मशीन दर सेकंदाला एखादाच ठोका देतं, व्होल्टेज आठ-दहा हजारांचं असलं तरी तो क्षणभरच टिकतो, त्यामुळे जनावर दचकून मागे फिरतं आणि जिवंत राहतं. मरतो तो खांबावरून थेट 230 व्होल्टचा आकडा तारेत सोडल्यावर, कारण तो करंट सुटत नाही, धरून ठेवतो. त्यात पहाटे पाणी पाजायला निघालेला शेजारी गेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा आहे. या दोन्ही गोष्टींना एकच ‘करंट’ म्हणणं बंद करायला हवं.

खोटी आशा अशी की तार ओढली, मशीन लावलं, झालं काम. तसं नाही. डुकराची कातडी आणि राठ केस झटका फारसा लागू देत नाहीत. लागतो तो ओल्या नाकाला. म्हणून खालची तार जमिनीपासून वीतभर, दुसरी हातभर उंचीवर हवी. चारी बाजूंनी हे माप राखायचं म्हणजे बांध जिथे खचलाय तिथे जादा खांब आलाच, नाहीतर डुक्कर बरोबर त्याच खळग्यातून मुसंडी मारतं. सांबराची गोष्ट वेगळी. ते तारेवरून उडी घेतं, त्यामुळे वरची तार पाच-सहा फुटांवर न्यावी लागते आणि खर्च वाढतो. गवा हजार किलोच्या घरातलं धूड; नाकाला एकदा चटका बसलेला टाळून जातो, पण बिथरलेल्या कळपापुढे कुठलीच तार उभी राहत नाही. वानरांपुढे तार, बंदूक दोन्ही थकतात.

दुसरा शत्रू गवत. कोयनानगरला वर्षाला साधारण 5000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्या पट्ट्यात श्रावणात आठवड्याभरात गवत तारेला भिडतं. ओलं गवत टेकलं की सगळा जोर तिथेच जमिनीत उतरतो. रात्री बांधाने चाललात तर त्या जागी बारीक टक-टक ऐकू येते, अंधारात ठिणगीही दिसते. तिथे विळा चालवायचा. उन्हाळ्यात उलटी अडचण: मुरुमाची किंवा जांभ्याची जमीन कोरडी पडली की अर्थिंग काम करत नाही. तीन सळया खोल ठोकून, खड्ड्यात कोळसा-मीठ घालून वरचेवर पाणी ओतावं लागतं. हे करणारं माणूस घरात नसेल तर मशीन घेऊ नका, पैसे गवतात जातील.

कामगार मिळत नाही म्हणून शेतातल्या माळ्यावरची राखण कमी झाली, पण पीक तयार होण्याच्या शेवटच्या पंधरवड्यात हातातली बॅटरी, कुत्रं आणि दोन माणसं यांना अजून तोड नाही. तारेसोबत ती हवीच.

माझा कौल स्पष्ट आहे. एक-दोन एकर, मुख्य त्रास डुकराचा: दोन-तीन पदरी झटका तार, तीही एकट्याने नको. बांधाला बांध लागून असलेल्या चार-पाच जणांनी मिळून एकच फेरा घेतला तर तार कमी लागते आणि गवत काढायच्या पाळ्या लावता येतात. व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी शासनाचं अनुदान असतं. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात करायचा. नुकसान झालंच तर भरपाईचा अर्जही तिथेच. पंचनामा होईपर्यंत तुडवलेलं पीक हलवू नका आणि खुरांचे ठसे पुसायच्या आत फोटो काढा.

बंदुकीचा नवा परवाना काढायच्या भानगडीत मी कुणाला घालणार नाही. अपवाद एकच: घरात आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर जुना परवाना असेल. परवानाधारक सत्तरीला पोचला, किंवा त्याने हत्यार 25 वर्षं बाळगलं असेल, तर वारसाला तो हयात असतानाच स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. निधनानंतर माळ्यावर तशीच पडून राहिलेली बंदूक मात्र बेकायदा हत्यार ठरते, त्यामुळे ती आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, आणि वारसाचा अर्ज नंतर लिहायला बसा.