नाशिकचे दोन दिवस: मुक्काम गंगेवर की गंगापूर धरणावर?

दिवाळी सरली की पुण्या-मुंबईच्या नातलगांचे फोन सुरू होतात. "शनिवारी सकाळी निघतो, रविवारी रात्री परत. आई-बाबा आहेत, मुलं आहेत. मिसळ खायची, वायनरी बघायची. खोली कुठे घेऊ?" मला हा शेवटचा प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नाशिकमध्ये दोन दिवस कसे जातील ते उतरण्याच्या जागेवर ठरतं.

जागा मुख्यतः दोन. एक गंगेवरची. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. रामकुंड आणि पंचवटी एका काठाला, मेन रोड, सराफ बाजार, भद्रकालीचं जुनं गाव दुसऱ्या काठाला. दुसरी जागा गंगापूर धरणाच्या बाजूची, शहरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर. सुला, सोमा, यॉर्क या वायनरी तिथेच आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला रिसॉर्टही.

माझा कौल आधीच सांगते. घरातली वडीलधारी माणसं सोबत असतील आणि नाशिकला पहिल्यांदाच येत असाल, तर शहरात झोपा आणि वायनरीला दुपारनंतर जा. जुनं गाव सकाळचं आहे आणि वायनरी संध्याकाळची, एवढं साधं कारण आहे त्याला.

मागच्या हिवाळ्यात माझी आत्या, तिची सून, मुलगा आणि दोन नातवंडं आली होती. खोल्या धरणाच्या बाजूला घेतल्या होत्या, सुंदर होत्या. पण आत्या पाचलाच उठते. तिला रामकुंडावर जायचं होतं. बाकीच्यांचं आवरून गाडी निघेपर्यंत साडेनऊ झाले. घाटावर पोहोचलो तेव्हा ऊन चढलं होतं, गाडी लावायला जागा नव्हती आणि गर्दीत आत्याला धड उभंही राहता येईना. तिने तक्रार केली नाही, पण मला अजून वाईट वाटतं. थंडीत सहाच्या सुमाराला त्याच घाटावर पाण्यावरून वाफा उठत असतात, नारोशंकराच्या मंदिराचा काळा दगड हळूहळू उजळतो, माणसं मोजकी असतात. ते तिला दाखवायचं राहून गेलं.

तिथून काळाराम मंदिर चालत जाण्याजोगं आहे. मुलांना मंदिराच्या दगडी प्रांगणात उभं करून सांगा की २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढची काही वर्षं चालला. ही गोष्ट त्या दारातच ऐकावी. जवळच सीतागुंफा आहे, पण आत वाकून, जवळजवळ बसत उतरावं लागतं. गुडघे दुखत असतील तर आजी-आजोबांनी बाहेर वडाखाली थांबलेलं बरं.

मग मिसळ. इथेही निवड करावी लागते. गावातल्या जुन्या दुकानांत बाकं अरुंद असतात, शेजारी अनोळखी माणूस बसतो आणि दहा मिनिटांत उठावं लागतं. तिथला काळ्या मसाल्याचा रस्सा मला सगळ्यात जास्त आवडतो. दुसरीकडे गंगापूर रस्त्याच्या बाजूची साधना किंवा मखमलाबाद रस्त्यावरची द्राक्षबागेतली ग्रेप एम्बसी. तिथे जागा मोकळी, मुलांना बागडायला वाव, मिसळीबरोबर पापड, दही, वर जिलेबी. लहान मुलं असतील तर मी डोळे मिटून बागेतली मिसळ सांगेन, कारण मूल रडत असताना रश्श्याची चव कोणालाच लागत नाही. फक्त रविवारी अख्खं नाशिक मिसळ खायला बाहेर पडतं, म्हणून साडेआठच्या आत पोहोचा.

मोठ्यांच्या पोटात जागा उरली असेल तर गावात सायंतारा साबुदाणा वडा आहे आणि बुधा हलवाईची जिलेबी आहे. भांडी बाजारातून एक फेरी मारा. तांब्या-पितळेची भांडी अजून तिथे रास लावून असतात आणि माझ्या ओळखीची एकही आई तिथून रिकाम्या हाताने परत आलेली नाही.

वायनरीकडे चारच्या सुमाराला निघा. सुलाची पहिली वाइन २००० साली आली. आज सगळ्यात मोठा पसारा तिचाच, गर्दीही तिथेच, त्यामुळे शनिवार-रविवारी आधी ऑनलाइन नोंदणी करूनच जा. यॉर्क लहान आहे. वरच्या मजल्यावर बसलं की धरणाचं पाणी दिसतं, बोलणं एकमेकांना ऐकू येतं. आई-बाबांना घेऊन जायचं तर मी यॉर्क निवडेन. तरुण मंडळी म्हणतील सुला, त्यांचंही खरं आहे.

वेलीवर घड बघायचे असतील तर जानेवारी ते मार्च गाठा. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी बहार छाटणी फळासाठी. म्हणून पावसाळ्यात बाग हिरवीगार दिसते, पण घड नसतात. वाइनची द्राक्षं आपल्या खाण्याच्या थॉमसनपेक्षा वेगळी, मणी बारीक, बिया असलेले. टेस्टिंगला शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन आधी घ्या, शिराझ ही लाल वाइन नंतर. हलकी वाइन आधी घेतली तर तिची चव कळते. न पिणाऱ्यांनाही टाक्या आणि लाकडी पिंपं बघायला मजा येते.

जेवण मात्र वायनरीत उरकू नका असं मला मनापासून वाटतं. पिझ्झा-पास्ता तुमच्याकडेही मिळतो. रात्री गावात येऊन काळ्या मसाल्याचं मटण आणि बाजरीची भाकरी खा, शाकाहारी असाल तर भरीत-भाकरी.

पबांबद्दल थोडक्यात. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडला आहेत, ठीक आहेत, पण मुलांना घेऊन जाण्यासारखे नाहीत आणि पुणेकराला त्यांत नवं काही सापडणार नाही. कडक मद्यासाठी महाराष्ट्रात वयाची अट २५ आहे, हे कॉलेजातल्या भाच्याला आधीच सांगून ठेवा.

धरणाच्या बाजूचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. वाइन घेतल्यावर गाडी चालवायचीच नाही, आणि तिकडे राहिलात तर हा प्रश्नच उरत नाही. शहरात उतरणार असाल तर जाता-येता दोन्हीकडची गाडी आधीच ठरवा. रात्री तिकडून ॲपवर गाडी मिळेल या भरवशावर लहान मुलांना घेऊन थांबू नका. चौघं मित्र-मैत्रिणी असाल, नवरा-बायको दोघंच असाल किंवा घाट-मंदिरं आधी पाहून झाली असतील, तर बिनधास्त धरणावर राहा. तिथली शांतता शहरात मिळणार नाही.

शहरात म्हणजे पंचवटीच्या गल्लीतच असं नव्हे. तिथली लॉज यात्रेकरूंसाठी आहेत, स्वस्त आहेत, पण खोल्या लहान आणि गाडी लावायची पंचाईत. शरणपूर रोड किंवा कॉलेज रोडला उतरलात तर पहाटे रिक्षाने थोड्याच वेळात रामकुंड गाठता येतं आणि गंगापूर रस्ताही हाताशी राहतो. पंचवटी एक्सप्रेसने येणार असाल तर नाशिकरोड स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, त्यात धरण आणखी पुढे. मोटारीने येणाऱ्या मुंबईकरांना जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टाळता येतो.

सिंहस्थाच्या काळात पर्वणीच्या तारखा बघूनच बेत आखा. आणि जुलै-ऑगस्टमध्ये येणार असाल तर निघण्याआधी नाशिकमधल्या कोणालाही एकच विचारा, रामकुंडाजवळ नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलंय; गोदेचा पूर आम्ही तिच्यावरूनच मोजतो. कमरेपर्यंत आलं असेल तर घाट पुढच्या खेपेला, त्या शनिवारी सरळ धरणाच्या बाजूलाच खोली घ्या.