हॉल चांगला, साउंड चांगला, फक्त अंधार मिळाला नाही (५ पैकी अडीच स्टार)

रविवारी संध्याकाळी साडेसहाचा प्रयोग बघून आले, तेव्हापासून हे लिहायचं म्हणून डोक्यात आहे. हॉलचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण आपल्याकडचा कुठलाही हॉल घ्या, बेळगाव घ्या नाहीतर निपाणी खानापूर घ्या, नाटक चालू असताना लोकांच्या मोबाईलचं थोड्याफार फरकाने हेच चाललंय. नाटकाचंही नाव नको, कलाकारांची यात काडीची चूक नाही.

आधी हॉलचं सांगते. टू व्हीलरला जागा भरपूर, कार असेल तर अर्धा तास आधी जावा. खुर्च्या चांगल्या, गुडघे पुढच्या खुर्चीला लागत नाहीत. टॉयलेट इंटरव्हलपर्यंत स्वच्छ, नंतर विचारू नका. वडा गरम होता, चहा जास्त गोड. साउंडला मात्र पैकीच्या पैकी, आम्ही आठव्या रांगेत होतो आणि माईक आहे असं वाटतच नव्हतं, माणूस समोर बसून बोलतोय असं ऐकू येत होतं. तिकीट ४०० रुपये, दोघींचे ८००. मुंबईहून पाचशे किलोमीटरच्या आसपास बस चालवत सेट घेऊन येतात, लाईटवाले, साउंडवाले, मेकअपवाले सगळे, त्यांचं जेवणखाण, राहणं, त्या हिशोबानं ४०० जास्त नाहीत.

सोबत मावशी होती. वय ७३, नंदगडकडच्या गावात राहते, यात्रेतली नाटकं बघत मोठी झालेली. हॉलमध्ये बसून नाटक बघितलं त्याला पंधरा वर्षं तरी झाली असतील. शनिवारीच बसनं आली, इरकल नेसून चार वाजल्यापासून तयार होऊन बसली, मला म्हणते चल गं, पहिली घंटा चुकाय नको.

तिसरी घंटा झाली, मोबाईल बंद ठेवा म्हणून रेकॉर्ड केलेली सूचना वाजली, ती पण घाईघाईत आणि लोक अजून जागा शोधत असताना, कोण वेफर्सचं पाकीट फोडतंय, कोण पोराला आत सरक म्हणतंय. कुणी ऐकली असेल असं वाटत नाही. मग हाऊस लाईट गेले, पडदा उघडला, आणि दहा मिनिटांत आमच्या पुढच्या रांगांत एक एक करून चौकोन पेटायला लागले. मी एकदा मोजले, चार रांगांत एकाच वेळी सात फोन चालू. एकजण क्रिकेटचा स्कोअर बघत होता, एक बाई लग्नाचे फोटो सरकवत होत्या, आणि बरोबर माझ्या पुढे एक मुलगा होता त्यानं टीव्हीवरच्या ओळखीच्या नटाची एन्ट्री झाल्याबरोबर फोन डोक्यावर धरून व्हिडिओ चालू केला, ब्राइटनेस पूर्ण. आता विचार करा, स्टेजवर अख्खा माणूस उभा आहे, हाडामासाचा, आणि मला तो त्या मुलाच्या फोनात बोटाएवढा दिसतोय, कारण अंधारात डोळा आपोआप उजेडाकडंच जातो, नको म्हटलं तरी. आणि एकदा डोळ्यावर पांढरा उजेड पडला की परत अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, पूर्ण व्हायला तर वीस पंचवीस मिनिटं लागतात, तोवर दुसरा कुणीतरी फोन काढतो.

पण खरं दुःख पुढे आहे. पहिल्या अंकाच्या शेवटाला एक प्रसंग आहे. घर विकायचे कागद टेबलावर आहेत, म्हातारे वडील सही करायला बसतात. तो नट काहीच बोलत नाही. चष्मा काढतो, सदऱ्याच्या टोकानं एक काच पुसतो, मग दुसरी पुसतो, चष्मा घालतो, पेन हातात घेतो, टोपण उघडतो आणि टोपण कुठं ठेवू ते त्याला कळत नाही. बस्स एवढंच. पण अख्ख्या हॉलचा श्वास अडकलेला, मावशीनं माझा हात धरलेला मनगटाजवळ घट्ट. आणि मग तो अगदी हळू आवाजात एक वाक्य बोलतो.

ते वाक्य आम्हाला ऐकूच आलं नाही. बरोबर त्या क्षणाला मधल्या रांगेत एका गृहस्थांचा फोन वाजला, मोठ्यानं, आरतीची रिंगटोन. खिशातून काढेपर्यंत चार वेळा वाजला, आणि काढून बंद करायचा सोडून त्यांनी उचलला. "नाटकात हाय ओ. नाटकात! मागनं लावतो. होय होय, जेवूनच येतो." मागून शूऽऽ झालं, दोन तीन पोरं हसली, आणि तो नट पेन हातात धरून तसाच बसून राहिला, मान वर केली नाही, वाट बघितली, मग सही केली आणि पडदा पडला. टाळ्या पडल्या, पण त्या टाळ्या कशा पडल्या ते तिथं जे होते त्यांना माहीत आहे.

लाईट लागल्यावर मावशीनं पहिलं काय विचारलं असेल तर, "काय बोल्ला गं त्यो?"

मला पण माहीत नव्हतं. सिनेमा असता तर मागं नेऊन बघितला असता, ओटीटीवर परत लावला असता. नाटकाचं तसं नसतंय, ते वाक्य त्या रविवारी त्या वेळेलाच होतं. उद्या कोल्हापूरला तो नट परत बोलेल पण मावशी कोल्हापूरला नसणार.

मी स्वतः आमच्या वडगावात गणपतीच्या नाटकांत बरीच वर्षं कामं केलीत, म्हणून स्टेजवरनं कसं दिसतंय ते पण सांगते, कारण खाली बसलेल्यांना वाटतं आपण अंधारात आहोत, वरच्यांना काय दिसतंय. सगळं दिसतंय ओ. फोन उघडला की उजेड खालून तोंडावर पडतो, अंधारात एकटं तोंड निळसर पेटल्यासारखं दिसतं, आणि ते तोंड आपल्याकडं बघत नाहीय हे पण दिसतं. रडायचा सीन चालू आहे, डोळ्यात पाणी आणलंय, आणि समोर एक माणूस मान खाली घालून हसतोय, त्याला व्हॉट्सॲपवर काहीतरी आलंय. पुढचं वाक्य जिभेवर असतं ते जातं. प्रॉम्प्टर विंगेतून सांगतो तेव्हा सापडतं, पण तोवर सूर गेलेला असतो, समोरच्या कलाकाराचा पण जातो. शिवाय पुष्कळ ठिकाणी स्टेजच्या कडेला खाली माईक लावलेले असतात, पहिल्या दुसऱ्या रांगेत फोन वाजला की तो माईक ते पण उचलतो आणि स्पीकरमधून सगळ्या हॉलला ऐकवतो.

आणि हे काय आपल्याकडचंच आहे असं नाही. २०१९ मध्ये सुमीत राघवन यांनी नाशिकच्या कालिदास कलामंदिरात फोन वाजायला लागले म्हणून प्रयोग मधेच थांबवला होता, त्याच वर्षी सुबोध भावे यांनी जाहीर लिहिलं होतं की असंच चालणार असेल तर नाटकात काम करणं बंद करतो. एवढी मोठी माणसं असं बोलायला लागतात म्हणजे किती वर्षांचा त्रास साठला असेल बघा.

इंटरव्हलला मी मॅनेजरना भेटले. माणूस वाईट नाही, दमलेला होता. "मॅडम, अनाउन्स केलंय की आमी. आता कुणाकुणाला सांगत बसू? सांगाय गेलं की अंगावर येऊलालेत लोक." मी म्हटलं, दारावर तुमची दोन माणसं आहेत, ती आत का उभी राहत नाहीत, तर त्यांचं म्हणणं ती तिकीट बघायला आहेत. त्या दोघांतला एकजण तेव्हा स्टुलावर बसून फोनच बघत होता, हे पण मी त्यांना दाखवलं. शेजारी उभे होते ते काका म्हणाले जॅमर बसवून टाका की, विषयच संपला. पण तसं नाही होत, खाजगी जागेत सरकारी परवानगीशिवाय जॅमर लावणं बेकायदा आहे, आणि हॉलमध्ये डॉक्टर बसलेले असतात, कुणाच्या घरी आजारी माणूस असतो, सगळ्यांचाच फोन तोडून कसं चालेल. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर पूर्वी काउंटरला आपला सीट नंबर सांगून बसायचे, तसा काहीतरी मार्ग काढता येतो, मनावर घेतलं तर. आणि ते व्हिडिओ काढणं तर नुसता उद्धटपणा नाही, कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये कलम ३८ आहे, कलाकाराचा त्याच्या प्रयोगावर हक्क असतो, त्याला न विचारता रेकॉर्डिंग करून ते लोकांत फिरवता येत नाही. एवढं एक वाक्य सूचनेत घातलं तरी निम्मे फोन खाली जातील असं मला वाटतं.

मला राग याचा आहे की हे जमत नाही असं नाही. मागं मावशीच्या गावाकडं यात्रेत नाटक होतं, उघड्यावर, पत्र्याचा मांडव, खाली सतरंज्या, लोक झाडावर पण बसलेले. पडद्याच्या आधी गावातले एक वयस्कर गृहस्थ माईकवर आले, आधी मराठीत बोलले मग कन्नडमध्ये, वाचून नाही, स्वतःच्या तोंडानं. "पोरं तीन महिनं राबूलालेत, फोन तेवढा खिशात ठेवा." आणि युवक मंडळाची चार पोरं कडेला उभी, हातात बॅटरी, काचेला लाल जिलेटीन पेपर लावलेला. कुणी फोन काढला की त्याच्या पायाशी तो लाल उजेड एकदा पाडायचा, बोलायचं नाही, ओरडायचं नाही. माणूस समजतो, ठेवतो. चार तास नाटक झालं आणि दोन तीनदाच तो उजेड दिसला. खर्च काय आला असेल, जिलेटीन पेपरचा.

आणि इथं शहरात एसी हॉलमध्ये ४०० रुपये घेऊन तेवढं पण नाही. आपण कुठले लोक आहोत ते तरी आठवा. अण्णासाहेब किर्लोस्कर, ज्यांनी १८८० साली संगीत शाकुंतल आणून मराठी संगीत नाटक उभं केलं, त्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला, गुर्लहोसूरचा. २०१५ च्या फेब्रुवारीत ९५ वं नाट्यसंमेलन बेळगावात झालं, गायिका-अभिनेत्री फैयाज अध्यक्ष होत्या. इथं मराठी नाटक लागतं ते वर्षातून मोजून काही वेळा, पुण्यामुंबईसारखं दर शनिवार रविवार नाही. म्हणून एक वाक्य गेलं तरी जीव चुटपुटतो.

दुसरा अंक जरा बरा गेला, ते मॅनेजरमुळे नाही. आमच्या शेजारी एक कन्नड बोलणारे आजोबा होते, बायकोला घेऊन आलेले, तिसऱ्या घंटेच्या आधीच त्यांनी दोघांचे फोन बंद करून पिशवीत टाकलेले मी बघितले होते. पुढच्या त्या मुलानं परत हात वर केला तसे ते वाकले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तम्मा, फोन ओळग इडप्पा." ठेव बाळा आत, एवढंच. मुलानं ठेवला. परत नाही काढला शेवटपर्यंत.

जाणाऱ्यांनी अजून एक लक्षात ठेवा, नुसता सायलेंट पुरत नाही. बहुतेक फोनमध्ये सायलेंट असला तरी अलार्म वाजतो. मावशीच्या फोनवर तिच्या मुलानं शुगरच्या गोळीचा रात्री आठचा अलार्म लावलेला, घरातून निघताना नशिबानं सापडला, नाहीतर दुसऱ्या अंकात आमचाच वाजला असता. अलार्म काढा, मग फ्लाइट मोड, नाहीतर सरळ बंद करून ठेवा. व्हायब्रेट पण नको, खुर्चीच्या लाकडी हातावर ठेवलेला फोन थरथरला की तीन खुर्च्यांना ऐकू येतो.

स्टार अडीच देते. साउंडचा एक, खुर्च्यांचा एक, वड्याचा अर्धा. माणसं आत उभी करा, सूचना मराठी कन्नड दोन्हीत लाईट जायच्या आधी कुणीतरी समोर येऊन द्या, मी येऊन रिव्ह्यू बदलते.

पुढच्या महिन्याची दोन तिकिटं काढली आहेत त्याच हॉलची, या वेळी तिसरी रांग, म्हणजे पुढं दोनच रांगांचे फोन. मावशीला सांगितलं तर म्हणाली येतो की, पण त्यो म्हातारा काय बोल्ला ते तेवढं कुणाला तरी विचारून ठेव. रविवारी तिथं कोण असेल आणि ज्यांना ऐकू आलं असेल त्यांनी इथं खाली लिहा, तिला कळवते.