पोकेमॉन स्कार्लेट : चार मूव्हच्या निवडीचा कस पाहणारा खेळ

निन्टेन्डो स्विचवर १८ नोव्हेंबर २०२२ रोजी आलेला ‘पोकेमॉन स्कार्लेट’ मी आतापर्यंत दोनदा पूर्ण खेळलो आहे, एकदा एकट्याने आणि एकदा भाच्याला शेजारी बसवून. या खेळाची चर्चा बहुतेक वेळा त्याच्या मोकळ्या जगाभोवती, पाल्डिया प्रदेशाभोवती आणि चित्रणाभोवती फिरते. माझ्या मते त्याचे खरे मोल लढाईत आहे, आणि लढाईतही एका प्रश्नात आहे : आपल्या पोकेमॉनला कोणत्या चार मूव्ह, म्हणजे लढाईतले डाव, द्यायच्या? एक पोकेमॉन एका वेळी चारच मूव्ह लक्षात ठेवू शकतो, हा नियम १९९६ सालच्या पहिल्या खेळापासून बदललेला नाही. टाइप, म्हणजे पाणी, आग, वीज असे पोकेमॉनचे आणि मूव्हचे प्रकार, तेव्हा १५ होते, आता १८ झाले आहेत. मूव्हची संख्या कितीतरी वाढली. जागा मात्र चारच राहिल्या, आणि ते फार बरे झाले.

नवा खेळाडू बहुधा आकडा पाहून निवड करतो. प्रत्येक मूव्हपुढे तिची ताकद लिहिलेली असते आणि मोठा आकडा म्हणजे मोठा फटका, असे वाटणे स्वाभाविकच आहे. ग्यारॅडॉस या पाण्याच्या पोकेमॉनचे उदाहरण घ्या. हायड्रो पंपची ताकद ११० आहे, वॉटरफॉलची ८०. भाच्याने अर्थातच हायड्रो पंप निवडली होती. पण हायड्रो पंप ही स्पेशल मूव्ह आहे, म्हणजे तिचा जोर स्पेशल अटॅकवर ठरतो, आणि ग्यारॅडॉसचा मूळ स्पेशल अटॅक अवघा ६० आहे. वॉटरफॉल फिजिकल आहे, म्हणजे तिचा जोर अटॅकवर ठरतो, आणि ग्यारॅडॉसचा अटॅक १२५ आहे. ताकद आणि अटॅक यांचा साधा गुणाकार केला, तर हायड्रो पंपचे ६,६०० होतात आणि वॉटरफॉलचे १०,०००. शिवाय हायड्रो पंपची अचूकता ८० टक्के, म्हणजे सरासरी पाचातला एक वार वाया जाणार, तर वॉटरफॉलची १०० टक्के. प्रतिस्पर्ध्याचा बचाव दोन्ही बाजूंनी सारखाच असेल, तर लहान आकड्याची मूव्हच सरस ठरते. हा हिशोब आम्ही वहीच्या मागच्या पानावर केला, तेव्हा भाचा बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिला आणि मग काही न बोलता त्याने मूव्ह बदलली.

या उदाहरणामागे एक जुनी गोष्ट आहे. २००६ साली जपानमध्ये आलेल्या ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ या खेळांपूर्वी मूव्ह फिजिकल की स्पेशल हे तिच्या टाइपवरून ठरत असे. पाण्याच्या सगळ्या मूव्ह स्पेशल होत्या, त्यामुळे ग्यारॅडॉसला स्वतःच्याच टाइपचा नीट उपयोग होत नव्हता. भूत टाइपच्या गेंगारची अवस्था नेमकी उलट होती : त्याचा स्पेशल अटॅक १३०, पण भुताच्या मूव्ह फिजिकल गणल्या जात, म्हणून शॅडो बॉल त्याच्या हातात दुबळी पडे. पुढे प्रत्येक मूव्हची जात स्वतंत्रपणे ठरवली गेली आणि या दोघांचेही नशीब पालटले. या मालिकेत झालेल्या सगळ्या बदलांमध्ये मला हा बदल सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मूव्ह आणि ती वापरणारा प्राणी यांची सांगड घालण्याचा विचार खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो.

स्वतःच्या टाइपची मूव्ह वापरली की तिची ताकद दीडपट होते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण निवड करताना ते विसरले जाते. वॉटरफॉलची ८० ताकद पाण्याच्या ग्यारॅडॉसकडून १२० च्या बरोबरीची होते आणि १०० ताकदीच्या, जमिनीच्या अर्थक्वेकला मागे टाकते. मग अर्थक्वेक ठेवायचीच कशाला? तर इलेक्ट्रिक टाइपसाठी, ज्याला जमिनीचा फटका दुप्पट बसतो. पाणी आणि फ्लाइंग असे दोन टाइप असल्यामुळे विजेचा फटका ग्यारॅडॉसला चौपट बसतो, आणि त्याच्यासमोर विजेचा पोकेमॉन उभा राहिला तर एका वारात निकाल लावणारी मूव्ह हाताशी असावी लागते. ग्रास आणि ड्रॅगन हे दोन्ही टाइप पाणी पचवतात, पण बर्फाला घाबरतात. म्हणून तिसरी आइस फँग. चौथी जागा ड्रॅगन डान्सची, जिच्यात हल्ला मुळीच नाही. ती फक्त अटॅक आणि वेग वाढवते. चौथाही हल्लाच ठेवला, तर तो बहुधा आधीच्या तिघांपैकी कुणाचे तरी काम पुन्हा करतो. एक पाळी खर्चून पुढचे सगळे वार जड करणे अधिक फायद्याचे असते, हे नवशिक्याला पटवणे सर्वांत अवघड जाते.

आगीच्या स्केलेडर्जची टॉर्च साँग ही या खेळात नव्याने आलेली मूव्ह याच विचाराचे फार सुंदर रूप आहे. तिची ताकद ८० आणि प्रत्येक वारासोबत स्पेशल अटॅक एका पायरीने वाढतो. आगीच्याच ओव्हरहीटची ताकद १३०, पण प्रत्येक वारानंतर स्पेशल अटॅक दोन पायऱ्यांनी घसरतो. तीन वारांचा हिशोब केला, तर टॉर्च साँगची परिणामी ताकद ८०, १२० आणि १६० अशी चढत जाते, तर ओव्हरहीटची १३०, ६५ आणि सुमारे ४३ अशी उतरत जाते. एकाच वारात प्रतिस्पर्धी पडणार असेल तर ओव्हरहीट, लढाई लांबणार असेल तर टॉर्च साँग. उत्तर समोर कोण आहे यावर ठरते.

समोर कोण आहे, हे पाहायला न शिकल्याची किंमत या खेळात जिथे चांगली मोजावी लागते, ती जागा म्हणजे लेव्हिन्सिया शहरातील आयोनो या प्रमुखाची जिम, म्हणजे एका ठरावीक टाइपशी लढण्याची जागा. ही जिम विजेची, त्यामुळे भाचा क्लॉडसायर घेऊन गेला. क्लॉडसायरचे टाइप पॉयझन आणि ग्राउंड, विजेचा त्याच्यावर परिणाम शून्य. निवड योग्यच होती. फक्त त्याच्या चार मूव्हपैकी मड शॉटसकट तीन जमिनीच्याच होत्या आणि चौथी होती टेल व्हिप. पहिल्या वॉट्रेलवरच घोडे अडले, कारण तो उडणारा आहे आणि जमिनीची मूव्ह त्याला लागतच नाही. बेलिबोल्ट आणि लक्सिओ पटापट पडले. शेवटी आली मिसमेजियस. मूळची ही भूत, पण आयोनो तिला टेरास्टलाइझ करून, म्हणजे लढाईपुरता टाइप बदलून, इलेक्ट्रिक बनवते, आणि लेव्हिटेट या गुणामुळे ती हवेत तरंगत राहते. विजेची एकमेव दुबळी बाजू म्हणजे जमीन, आणि तीच इथे निकामी. ‘मामा, हिला काहीच लागत नाहीये,’ असे म्हणून त्याने कंट्रोलर माझ्या हातात दिला. मी तो परत केला आणि आगीचा क्रोकॅलोर काढायला सांगितले. आगीचा फटका तिला दुप्पट बसत नाही, पण पुरा बसतो, आणि तेवढ्यावर जिम जिंकता आली. एवढ्या लहान लढाईत एवढा विचार बसवणारी ही जिम मला फार आवडते.

अशा चुकांतून शिकता यावे, यासाठी खेळाने केलेली सोय मनापासून वाखाणण्यासारखी आहे. पोकेमॉनने विसरलेली मूव्ह आता त्याच्याच पानावरून, कधीही आणि फुकट परत आठवता येते. पूर्वीच्या बऱ्याच खेळांत विसरलेली मूव्ह परत मिळवणे म्हणजे एखाद्या विशिष्ट गावातल्या विशिष्ट माणसाकडे जाऊन किंमत मोजणे असे, आणि त्या धाकाने मुले नवीन काही करून पाहायलाच कचरत. टीएम, म्हणजे मूव्ह शिकवणारी वस्तू, मात्र इथे एका वापरात संपते आणि पोकेमॉन सेंटरजवळच्या यंत्रावर एलपी हे खेळातले चलन आणि गोळा केलेले साहित्य देऊन पुन्हा बनवावी लागते. अनेकांना हे कटकटीचे वाटते. मला ते योग्य वाटते, कारण एकदा टीएमने शिकवलेली मूव्ह त्या पोकेमॉनला पुन्हा आठवता येते आणि खर्च फक्त पहिल्या विचाराचा होतो.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. ओळखीच्या पोकेमॉनसमोर मूव्हखाली ‘सुपर इफेक्टिव्ह’ अशी खूण येते. ती टाइपपुरतीच उपयोगी आहे, ग्यारॅडॉसचा वर मांडलेला हिशोब ती सांगत नाही, आणि खेळात दुसरीकडेही तो कुणी समजावून देत नाही. मुख्य कथेतल्या बहुतेक लढाया इतक्या सोप्या आहेत की लेव्हल वाढवली की वाईट निवडही खपून जाते. जुन्या खेळांमध्ये ‘सेट’ हा पर्याय होता, ज्यात प्रतिस्पर्ध्याचा पोकेमॉन पडल्यावर आपला पोकेमॉन फुकटात बदलता येत नसे. तो पर्याय इथे काढून टाकला आहे, आणि अनुभवी खेळाडूसाठी हे मोठे नुकसान आहे. चित्रण अडखळण्याच्या तक्रारी सुरुवातीला जगभर झाल्या आणि डिसेंबर २०२२ च्या सुधारित आवृत्तीसोबत निर्मात्यांनी त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. जून २०२५ मध्ये स्विच २ साठी मिळालेल्या मोफत अपडेटनंतर खेळ बराच सुरळीत चालतो. ‘पोकेमॉन गो’मध्ये २०२३ पासून हिंदी आहे, इथे मात्र हिंदीही नाही आणि मराठीही नाही. मूव्हचे वर्णन नीट वाचणे हाच ज्या खेळाचा पाया आहे, त्यात इंग्रजी अडखळत वाचणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना शेजारी बसून कुणीतरी अर्थ सांगावा लागतो.

कथा संपल्यावर मात्र खेळ निवडीला पूर्ण न्याय देतो. सहा आणि सात ताऱ्यांच्या टेरा रेडमध्ये चार खेळाडू मिळून एका बलाढ्य पोकेमॉनशी लढतात, आणि तिथे कथेत चालून गेलेले संच पहिल्या काही पाळ्यांतच कोसळतात. डिसेंबर २०२२ मध्ये आलेला सात ताऱ्यांचा चारिझार्ड टेरा टाइपने ड्रॅगन होता. आगीचा म्हणून पाण्याचे पोकेमॉन नेणाऱ्यांचे वार त्याने निम्म्यावर आणले, तर बेली ड्रमने अटॅक कमाल पातळीवर नेऊन मग ड्रॅगनला दुप्पट लागणाऱ्या प्ले रफने मारणारा अझुमरिल तिथे हुकमी ठरला : चारपैकी प्रत्यक्ष कामाच्या मूव्ह दोनच, आणि त्यातली एक तर हल्लाही नव्हे. दहा वर्षांच्या मुलासाठी हा खेळ घेत असाल, तर कथा त्याला एकट्याला खेळू द्या आणि रेडच्या वेळी एक वही घेऊन शेजारी बसा. स्कार्लेट की त्याची जुळी आवृत्ती व्हायलेट, याने या बाबतीत फारसा फरक पडत नाही.