भूकंपमापक जमिनीवर की बोअरमध्ये?

२ पेक्षा कमी परिमाणाचे भूकंप माणसाला सहसा जाणवत नाहीत, पण मोजायचे ते हेच. परिमाण एकाने उतरलं की धक्क्यांची संख्या साधारण दहापट होते आणि लपलेला भ्रंश, म्हणजे खडक सरकतात ती भेग, कुठून जातो, ते या गर्दीतूनच दिसतं. स्थानिक जाळं उभारताना यंत्रं जमिनीवर बसवायची की बोअर घेऊन खाली सोडायची?

जमिनीवरचं काम सोपं. हातभर खड्डा, तळाला पक्का खडक, वर झाकण, शेजारी सौर पॅनेल. बिघडलं तर त्याच दिवशी बदलता येतं. पण वारा सुटला की जवळच्या झाडाची मुळं जमीन हलवतात आणि आलेखावरची बारीक पी-लहर, म्हणजे भूकंपाची सगळ्यात आधी पोचणारी लहर, त्या खरखरीत बुडते. ती नेमकी कधी पोचली हे ठरवताना ०.१ सेकंद चुकला, तरी अंतरात सुमारे अर्धा किलोमीटर फरक पडतो.

१०० मीटर खाली हा गोंगाट बराच निवतो. तोच धक्का स्वच्छ उमटतो. मात्र खर्च कितीतरी जास्त. शिवाय खाली सोडताना यंत्र फिरतं. त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे नंतर ठिकाण माहीत असलेल्या भूकंपांवरून काढावं लागतं.

पैसे मोजकेच असतील तर मी आधी जमिनीवरची केंद्रं वाढवीन. भूकंपाची खोली नीट कळायला एखादं केंद्र जवळजवळ त्याच्या डोक्यावर लागतं. दूरच्या बोअरमधलं एकटं यंत्र ते काम करू शकत नाही. रस्ते आणि कारखाने दाट असतील, तिथे मात्र बोअरच घ्यावी.